जर्मनीत मुदतवाढ, पीआर आणि नागरिकत्व: तारखा आणि कागद कसे सांभाळायचे

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी जर्मनीत आलेल्या माणसाची पहिली दोन वर्षं ऑफिस, घरभाडं आणि डॉयच, म्हणजे जर्मन भाषा, यांतच जातात. निवास परवान्याचा विषय निघतो तो कार्डावरची मुदत संपत आली की. तोवर पीआरसाठी, म्हणजे कायम निवास परवान्यासाठी, पात्र होऊनही सहा-आठ महिने उलटलेले असतात, पासपोर्ट नूतनीकरणाला आलेला असतो आणि जन्मदाखल्यावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही हे प्रथमच लक्षात येतं. नोकरीवर आलेल्या आपल्या लोकांचे अर्ज पगारावर किंवा परीक्षेवर फारसे अडत नाहीत. ते अडतात तारखांवर आणि कागदांवर. या दोन्ही गोष्टी आपल्या हातात असतात, म्हणून हा लेख त्यांच्याभोवतीच लिहिला आहे. पूर्ण वाटचाल ब्लू कार्डधारक, म्हणजे ठराविक किमान पगाराच्या नोकरीवर आलेल्या उच्चशिक्षितांचा निवास परवाना असलेले, डोळ्यांसमोर ठेवून मांडली आहे. विद्यार्थी, साधा कुशल कामगार परवाना असलेले आणि जोडीदार म्हणून आलेले यांचे फरक जागोजागी येतील.

हातातलं कार्ड आधी नीट वाचा

कार्डावर तुमच्या परवान्याचं, निवास कायद्यातलं कलम छापलेलं असतं. ब्लू कार्ड कलम १८जी खाली मिळतं, पदवीधर कुशल कामगाराचा परवाना १८बी खाली, व्यावसायिक प्रशिक्षण घेतलेल्यांचा १८ए खाली, विद्यार्थ्यांचा १६बी खाली. पुढे पीआरला किती महिने लागणार हे याच कलमावर ठरतं. कार्डासोबत एक घडीचा हिरवा कागद मिळतो, त्याला त्सुझात्झब्लाट म्हणतात. कुठल्या मालकाकडे, कुठल्या पदावर काम करायला परवानगी आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. हा कागद कपाटात पडून राहतो आणि नोकरी बदलताना त्याची शोधाशोध होते. आजच त्याचा फोटो काढून ठेवा.

घर घेतल्यावर दोन आठवड्यांत करायची पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, हा तुमच्या जर्मनीतल्या वास्तव्याचा पहिला पुरावा. घरमालकाचं राहत असल्याचं पत्र त्यासाठी लागतं. शहर बदललं की पुन्हा नोंद करावी लागते आणि तुमची फाइल नव्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेकडे जाते. या हस्तांतरात बरेच आठवडे जातात. मुदत संपायला दोन-तीन महिने उरले असताना घर बदलावं लागलंच, तर अर्ज कुठल्या कार्यालयाकडे करायचा हे दोन्ही शहरांना लेखी विचारून घ्या.

मुदतवाढ: पासपोर्टपासून सुरुवात

ब्लू कार्ड पहिल्यांदा जास्तीत जास्त चार वर्षांचं मिळतं. कराराची मुदत त्याहून कमी असेल तर करार अधिक तीन महिने. पण पासपोर्टची मुदत जिथे संपते तिथेच कार्डही संपतं. म्हणून मुदतवाढीचा विचार करताना सर्वांत आधी भारतीय पासपोर्ट बघा. त्याचं एक वर्षाहून कमी आयुष्य उरलं असेल तर बर्लिनचा दूतावास किंवा फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिक यांपैकी तुमच्या राज्याचं काम बघणारा वाणिज्य दूतावास, इथे आधी नूतनीकरण करून घ्या. जुना पासपोर्ट फेकू नका. जुने शिक्के आणि पहिला डी-व्हिसा, म्हणजे जर्मनीत येताना मिळालेला दीर्घ मुदतीचा व्हिसा, पुढे नागरिकत्वाच्या फाइलमध्ये कामाला येतो.

अर्ज मुदत संपण्यापूर्वी दोन-तीन महिने करा. बहुतेक मोठ्या शहरांत आता ऑनलाइन अर्ज असतो, काही ठिकाणी अजून टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घ्यावी लागते. टर्मिन मिळायला उशीर झाला तरी चालतं, पण अर्ज मुदतीच्या आत दाखल झालेला असणं कायद्याने महत्त्वाचं आहे. म्हणून ऑनलाइन अर्जाची पावती पीडीएफमध्ये जपून ठेवा. ऑनलाइन सोय नसेल तर भरलेला अर्ज सही करून रजिस्टर्ड टपालाने, म्हणजे आइनश्राइबेनने पाठवा आणि त्याचा क्रमांक ठेवा. काही कारणाने अर्ज थोडा उशिरा गेला, तर अनावश्यक हाल टाळण्यासाठी जुना परवाना चालू मानण्याचा अधिकार कार्यालयाला आहे. पण ती त्यांची मर्जी. तिच्यावर विसंबून राहू नये.

वेळेत अर्ज केला की निर्णय होईपर्यंत जुना परवाना कायद्याने चालू राहतो. त्याचा लेखी पुरावा म्हणजे फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, फी १३ युरो. हा कागद हातात पडला की त्यावर कुठल्या चौकटीत खूण आहे ते बघा. निवास कायद्याच्या कलम ८१ च्या उपकलम ४ ची चौकट असेल तर काम पूर्वीसारखं चालू ठेवता येतं आणि भारतात जाऊन परतही येता येतं. उपकलम ३ ची असेल तर जर्मनीत राहता येतं, पण बाहेर गेल्यावर त्या कागदावर परत येता येत नाही. गणपतीला किंवा दिवाळीला घरी जायची तिकिटं काढण्यापूर्वी ही खूण बघायलाच हवी. उपकलम ४ असतानाही शक्यतो थेट विमानाने जा आणि जुनं कार्ड, पासपोर्ट, हा कागद असे तिन्ही हातात ठेवा. तिसऱ्या देशातल्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्याने हा कागद आधी पाहिलेला असेलच असं नाही, आणि तिथे वाद घालायला वेळ नसतो.

फोटोबद्दल एक बदल लक्षात ठेवा. १ मे २०२५ पासून कागदावर छापलेला बायोमेट्रिक फोटो चालत नाही. मान्यताप्राप्त फोटोग्राफर किंवा डीएमसारख्या दुकानात फोटो काढला की कार्यालयाला दाखवायचा कोड मिळतो. काही कार्यालयांत फोटोचं मशीनच असतं. बोटांचे ठसे दिल्यानंतर कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून येतं, त्याला साधारण चार ते सहा आठवडे धरून चाला.

ब्लू कार्डधारकांना आणखी एक सांगतो. तुमच्या बाबतीत मुदतवाढीची वेळ सहसा यायलाच नको. चार वर्षांच्या कार्डाच्या निम्म्या वाटेवरच पीआर मिळू शकतं. तरीही मुदतवाढ करावी लागलीच, तर पगाराची किमान रक्कम त्या वर्षाची बघितली जाते. २०२५ साठी ती वर्षाला ४८,३०० युरो होती, तर आयटी, डॉक्टर, अभियंते अशा तुटवड्याच्या व्यवसायांसाठी आणि नव्या पदवीधरांसाठी ४३,७५९.८० युरो. हे आकडे दर १ जानेवारीला बदलतात. पगारवाढीची बोलणी करताना ते समोर ठेवा.

नोकरी बदलली किंवा गेली तर

ब्लू कार्डावर पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची असेल तर आउसलेंडरबेहोर्डेला आधी कळवावं लागतं. ते ३० दिवसांपर्यंत बदल रोखून तपासणी करू शकतात. पहिल्या वर्षानंतर ही अट राहत नाही. १८ए आणि १८बी वाल्यांसाठी नियम वेगळा आहे, त्यांनी हिरव्या कागदावर मालकाचं नाव छापलंय का ते बघून परवानगी घ्यावी.

नोकरी गेली तर घाबरून गप्प बसणं सर्वांत महागात पडतं. नोकरी ठरल्यापेक्षा आधी संपतेय हे कळल्यापासून दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला कळवणं बंधनकारक आहे. त्याच वेळी रोजगार कार्यालयात, म्हणजे आर्बाइट्सआगेंटुरमध्ये नोंद करा. नोकरी संपायला तीन महिने असताना, किंवा नोटीस त्याहून उशिरा मिळाली तर कळल्यापासून तीन दिवसांत ही नोंद व्हायला हवी. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने विमा भरलेला असेल तर बेरोजगारी भत्ता मिळतो. हा भत्ता तुम्ही भरलेल्या विम्याचा आहे, तो घेतल्याने पीआर किंवा नागरिकत्वावर डाग लागत नाही. किमान जगण्यासाठी दिली जाणारी सरकारी मदत, म्हणजे ब्युर्गरगेल्ड, ही वेगळी गोष्ट. तिच्यामुळे मात्र पुढचे अर्ज अडतात. आपली माणसं भीतीपोटी या दोन्हींना एकच समजतात आणि हक्काचे पैसे सोडून देतात, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहिलं.

पीआरचे महिने कसे मोजायचे

पीआरचं जर्मन नाव नीडरलासुंग्सएरलाउबनिस. ब्लू कार्डधारकाला २७ महिन्यांनी ती मिळते, तेव्हा ए१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचं जर्मन पुरतं. बी१, म्हणजे मध्यम पातळी असेल तर २१ महिन्यांनीच मिळते. नोव्हेंबर २०२३ पूर्वी २७ च्या जागी ३३ महिने होते, त्यामुळे जुन्या मित्रांकडून ऐकलेला आकडा घेऊन बसू नका. मोजायचे ते ब्लू कार्डावर नोकरी केल्याचे आणि पेन्शनचे हप्ते भरल्याचे महिने. समजा, १ मे २०२४ ला नोकरी सुरू झाली. जानेवारी २०२६ संपला की २१ महिने पूर्ण, जुलै २०२६ संपला की २७. बी१ मुळे सहा महिने आधी पीआर, म्हणजे सहा महिने आधी नोकरी बदलायचं, स्वतःचा व्यवसाय काढायचं स्वातंत्र्य.

म्हणूनच निघण्याआधी पुण्यात असाल तर बी१ तिथेच करून निघावं असं माझं ठाम मत आहे. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकवण्याची मोठी परंपरा आहे. घरी आई-वडील असताना, डोक्यावर नव्या नोकरीचा ताण नसताना बी१ जितकं सहज होतं तितकं म्युनिकच्या थंडीत संध्याकाळी सातच्या वर्गाला जाऊन होत नाही. गोएथे, टेल्क, ओएसडी या संस्थांची प्रमाणपत्रं चालतात. कंपनीतल्या शिक्षकाचं पत्र चालत नाही.

बाकीच्यांसाठी असं. १८ए किंवा १८बी परवान्यावर तीन वर्षं, ३६ महिन्यांचे पेन्शन हप्ते आणि बी१. जर्मनीतलीच पदवी किंवा प्रशिक्षण असेल तर दोन वर्षं आणि २४ हप्ते. यांपैकी कुठल्याच गटात नसाल तर सर्वसाधारण नियम पाच वर्षं आणि ६० हप्त्यांचा. या सर्वसाधारण नियमात विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षं अर्धी धरली जातात. ब्लू कार्ड किंवा कुशल कामगार म्हणून पीआर मिळालेल्याच्या जोडीदाराला तीन वर्षांच्या निवास परवान्यानंतर स्वतःची पीआर मागता येते, त्यासाठी आठवड्याला किमान २० तास काम आणि भाषेसह बाकीच्या अटी लागतात. बऱ्याच घरांत बायकोची पीआर 'नंतर बघू' म्हणून राहून जाते. नवऱ्याच्या नोकरीवर किंवा लग्नावर तिचं राहणं अवलंबून असू नये, म्हणून तिने पात्र होताच स्वतंत्र अर्ज करावा.

हप्त्यांचा हिशेब स्वतः तपासा. डॉयच रेंटनफरझिखरुंग या पेन्शन विमा संस्थेच्या संकेतस्थळावरून रेंटनफरझिखरुंग्सफरलाउफ, म्हणजे हप्त्यांचा उतारा मागवा, विनामूल्य घरी येतो. त्यात एखादा महिना गाळलेला दिसला तर पगारपत्रक जोडून दुरुस्ती करून घ्या. अर्जाच्या आधी चार महिने हे केलं तर निवांत होतं.

त्यानंतर 'लेबेन इन डॉयचलांड' ही जर्मनीच्या कायद्याची आणि समाजाची माहिती तपासणारी परीक्षा. ३३ प्रश्न, ६० मिनिटं, ३१० प्रश्नांच्या जाहीर संचातून. पीआरसाठी १५ बरोबर पुरतात, नागरिकत्वासाठी १७ लागतात. म्हणून १७ चं लक्ष्य ठेवून एकदाच द्या. फी २५ युरो, नोंदणी गावच्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढ शिक्षण केंद्रात. परीक्षा अवघड नाही, पण जागा मिळायला आणि निकाल यायला महिने लागू शकतात. ब्लू कार्डधारकाकडून काही कार्यालयं पीआरच्या वेळी ती मागत नाहीत. तरी देऊन ठेवा, पुढे लागणारच आहे.

अर्जाला जोडायची कागदं शहरागणिक थोडी बदलतात, पण इतकी तयार ठेवली तर क्वचितच काही कमी पडतं:

- पासपोर्ट, सध्याचं कार्ड आणि हिरवा कागद
- मागच्या सहा महिन्यांची पगारपत्रकं आणि नोकरीचा करार
- नोकरी चालू आहे, नोटीस दिलेली नाही, प्रोबेशन संपली आहे असं मालकाचं ताजं पत्र
- पेन्शन हप्त्यांचा उतारा
- आरोग्य विम्याचं प्रमाणपत्र. विमा खासगी असेल तर तो पुरेसा आणि कायम चालणारा आहे असं कंपनीचं वेगळं पत्र
- घरभाड्याचा करार आणि सध्याच्या एकूण भाड्याचा पुरावा. घर माणशी साधारण १२ चौरस मीटर, सहा वर्षांखालच्या मुलाला १०
- भाषा आणि लेबेन इन डॉयचलांडची प्रमाणपत्रं
- पदवी आणि तिची मान्यता

फी बहुतेकांना ११३ युरो.

कुठली पीआर घ्यायची: आई-वडिलांचा विचार करून ठरवा

इथे थोडं थांबा. साध्या पीआरशिवाय 'डाउअरआउफएन्टहाल्ट ई-यू' म्हणून दुसरी एक कायम परवानगी असते. तिला पाच वर्षं लागतात. जर्मनीत राहण्या-काम करण्याच्या दृष्टीने दोन्ही जवळपास सारख्या. मोठा फरक पडतो तो देशाबाहेर किती काळ राहता येतं यात.

साधी पीआर असताना सहा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलात तर ती कायद्याने आपोआप रद्द होते. कुणी नोटीस पाठवत नाही, कार्ड खिशात तसंच राहतं, पण हक्क संपलेला असतो. ब्लू कार्ड असताना हीच मर्यादा बारा महिन्यांची असते. म्हणजे पीआर मिळाल्यावर बाहेर राहण्याची सवलत उलट कमी होते, आणि हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. ई-यू प्रकारच्या परवानगीत युरोपीय संघाबाहेर सलग बारा महिने राहता येतं, आणि आधी ब्लू कार्डधारक असाल तर चोवीस महिने.

नाशिकला किंवा सांगलीला एकटी आई आहे, तिचं ऑपरेशन, त्यानंतरची शुश्रूषा, घराचे व्यवहार. अशा वेळी सहा महिने कसे संपतात कळत नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर पाच वर्षं पूर्ण होताच ई-यू प्रकारची परवानगी मागावी, साधी पीआर आधी मिळालेली असली तरी. तोवर सहा महिन्यांहून जास्त जावं लागणार असेल तर निघण्यापूर्वी आउसलेंडरबेहोर्डेला कारण आणि डॉक्टरांचे कागद देऊन जास्त मुदत लेखी मागा. ही सवलत कायद्यात आहे, पण सहा महिने उलटून गेल्यावर मागून उपयोग नाही. शिवाय सहा महिन्यांच्या आत परतणार असलात तरी जाण्याचा हेतू तात्पुरता दिसला पाहिजे. घर सोडून, नोकरी सोडून, पत्ता रद्द करून गेलात तर सहा महिन्यांची वाटही न बघता परवाना संपू शकतो.

नागरिकत्व: आजचा नियम

२७ जून २०२४ पासून नागरिकत्वासाठी आठऐवजी पाच वर्षं पुरतात, आणि जर्मनीच्या बाजूने जुनं नागरिकत्व सोडण्याची अट राहिली नाही. त्याच कायद्यात सी१, म्हणजे प्रगत पातळीची भाषा आणि विशेष कामगिरी असलेल्यांना तीन वर्षांत नागरिकत्वाची वाट होती. ती ३० ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. अजूनही जुन्या व्हिडिओंमध्ये तीन वर्षांची गोष्ट सांगितली जाते, तिच्यावर बेत आखू नका. जर्मन नागरिकाशी लग्न झालेल्यांसाठीचा तीन वर्षांचा नियम स्वतंत्र आहे. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत, आणि तो तसाच चालू आहे.

पाच वर्षं मोजली जातात ती कायदेशीर वास्तव्याची. डी-व्हिसावर आल्या दिवसापासूनचा काळ धरला जातो आणि विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षं पूर्ण मोजली जातात. अर्जाच्या वेळी मात्र विद्यार्थी परवाना चालत नाही. पीआर किंवा ब्लू कार्डासारखा टिकाऊ परवाना हातात हवा. सहा महिन्यांपर्यंतची परदेशवारी मोजणीत खंड पाडत नाही.

इतर अटी: बी१, १७ गुणांची परीक्षा, स्वतःच्या कमाईवर कुटुंब चालवणं, गंभीर गुन्हा नसणं. दिवसाच्या कमाईवर मोजल्या जाणाऱ्या दंडाची शिक्षा ९० दिवसांपर्यंतची असेल तर ती दुर्लक्षिली जाते, पण वंशद्वेषी किंवा ज्यूद्वेषी गुन्ह्याला ही सूट नाही. लोकशाही घटनेशी निष्ठेचं आणि नाझी काळाबद्दल जर्मनीच्या ऐतिहासिक जबाबदारीचं निवेदन सही करून द्यावं लागतं, आणि अधिकारी त्यावर प्रश्न विचारू शकतात. वाचून, समजून सही करा. फी मोठ्यांना २५५ युरो, सोबत अर्ज करणाऱ्या मुलाला ५१. जोडीदाराची आणि मुलांची पाच वर्षं भरली नसली तरी त्यांचा अर्ज सोबत देता येतो, मान्य करायचा की नाही ते अधिकारी ठरवतात.

बर्लिनमध्ये २०२४ पासून सगळे अर्ज एकाच कार्यालयाकडे ऑनलाइन जातात. इतर शहरांत अजून जिल्ह्याजिल्ह्याचा कारभार वेगळा. उत्तर यायला वर्ष लागणं सामान्य आहे. पूर्ण कागद देऊन तीन महिने काहीच हालचाल झाली नाही तर प्रशासकीय न्यायालयात निष्क्रियतेविरुद्ध दावा करता येतो. वकिलाचा खर्च बघूनच ते पाऊल उचला. आधी एक नम्र लेखी स्मरणपत्र पाठवा.

महाराष्ट्रातले कागद

आपल्या माणसांची फाइल सर्वांत जास्त इथे रखडते. नागरिकत्वासाठी ओळख पक्की सिद्ध व्हावी लागते. त्यासाठी जन्मदाखला, लग्न झालं असेल तर विवाह प्रमाणपत्र. अपोस्टिल म्हणजे सरकारी कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवलेला आहे. त्यामुळे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून आणलेलं अपोस्टिल इथे पुरावा म्हणून उभं राहत नाही. एखाद्या कार्यालयाला दाखल्याची खात्री करायची असेल तर ते भारतातल्या जर्मन दूतावासामार्फत प्रत्यक्ष पडताळणी करून घेतात. त्याला महिने लागतात आणि खर्च आपल्याला पडतो. म्हणून अपोस्टिलवर पैसे घालवण्यापूर्वी तुमच्या कार्यालयाला नेमकं काय हवं ते विचारा.

पडताळणी होवो न होवो, दाखला स्वच्छ हवा. जुन्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, फक्त मुलगा किंवा मुलगी असतं. कुठे नावात 'व' आणि 'ब' बदललेला, कुठे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. भारतात पुढच्या सुट्टीला जाल तेव्हा जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातून नाव दाखल करून, दुरुस्त केलेला, इंग्रजीसह दाखला घ्या. पासपोर्ट, जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि विवाह प्रमाणपत्र ही चार कागदं शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी राजपत्रातल्या नावबदलाची प्रतही जोडावी. सगळ्याचं भाषांतर जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्या. पुण्याच्या एजन्सीचं भाषांतर बऱ्याच कार्यालयांत पुन्हा करायला सांगतात.

मधल्या नावाचा प्रश्न वेगळाच. आपल्या पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र छापलेलं असतं, आणि जर्मनी ती दोन्ही तुमचीच नावं समजते. नागरिकत्व मिळाल्यावर नाव-जुळवणीचं निवेदन देऊन वडिलांचं नाव वगळता येतं. पण ते वगळलं की भारतातले बँक खाते, पॅन, सातबारा, पदव्या यांच्याशी नवा पासपोर्ट जुळत नाही. घरात जमीनजुमल्याचे व्यवहार बाकी असतील तर नाव जसंच्या तसं ठेवावं.

भारताच्या बाजूने काय होतं

जर्मनी दोन नागरिकत्वं चालवून घेते. भारत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. तो क्षण म्हणजे आइनब्युर्गरुंग्सउर्कुंड, म्हणजे नागरिकत्वाची सनद, तुमच्या हातात दिली जाते तो. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर एकही प्रवास करू नका, तो गुन्हा आहे. पासपोर्ट वाणिज्य दूतावासात जमा करून सरेंडर प्रमाणपत्र घ्यायचं, मग ओसीआयचा, म्हणजे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डाचा अर्ज.

या क्रमामुळे मध्ये काही आठवडे असे येतात की जुना पासपोर्ट वापरता येत नाही आणि ओसीआय हातात नसतं. उर्कुंड मिळण्याच्या आसपास भारताचं तिकीट काढू नका. घरी तातडीने जावं लागलं तर आधी जर्मन पासपोर्ट हवा. जलद पासपोर्ट काही दिवसांत मिळतो, अगदी निकड असेल तर तात्पुरता पासपोर्ट लगेच. त्यावर भारताचा व्हिसा. त्या दोन-तीन महिन्यांत घरी कुणाची तब्येत नाजूक असेल तर उर्कुंड घेण्याची तारीख पुढे ढकलून मागायला संकोच करू नका.

ओसीआयवर भारतात आयुष्यभर व्हिसाशिवाय ये-जा करता येते, राहता येतं. मतदान करता येत नाही, मतदार यादीतलं नाव काढून घ्यावं लागतं.

शेतजमिनीबद्दल गैरसमज फार आहेत. 'पासपोर्ट सोडला की शेत जाईल' या भीतीने माणसं वर्षानुवर्षं थांबतात. प्रत्यक्षात शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेण्यावर आणि भेट म्हणून घेण्यावर परकीय चलन कायद्याने जी बंदी आहे ती अनिवासी भारतीयालाही आहे. म्हणजे तुम्ही जर्मनीत राहता तोवर, भारतीय पासपोर्ट असला तरी, वडील शेत बक्षीसपत्राने तुमच्या नावावर करू शकत नाहीत. वारसाहक्काने मात्र शेत अनिवासी भारतीयाकडेही येतं आणि ओसीआयधारकाकडेही. वडिलांच्या पश्चात तलाठ्याकडे वारस नोंद आणि फेरफार करून सातबाऱ्यावर नाव लागतं. विकायचं झालं तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येतं. फरक पडतो तो परत जाऊन शेती करायचा विचार असेल तर. भारतीय नागरिक कायमचा परतला की पुन्हा निवासी होतो, आणि महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा दाखला असेल तर शेत घेऊ शकतो. ओसीआयधारकाला ती मोकळीक नाही. तुमच्या मनात हा विचार खरोखर असेल तर पीआरवर थांबणं हाही पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय ठरतो.

मुलं

जर्मनीत जन्मलेल्या बाळाच्या आई किंवा वडिलांपैकी एकाचं पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं असेल आणि जन्माच्या दिवशी त्याच्याकडे कायम परवाना असेल तर बाळ जन्मतःच जर्मन नागरिक होतं. २०२४ पूर्वी यासाठी आठ वर्षं लागत. इथे तारीख अगदी कडक आहे. पाच वर्षं झाली आहेत, पीआरला पात्रही आहात, पण अर्जच केलेला नाही, असं असताना बाळ जन्मलं तर ते भारतीय राहतं. बाळाची चाहूल लागली आणि पीआर बाकी असेल तर त्याच आठवड्यात अर्ज करा आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख अर्जात लिहा. विनंती रास्त असते, आणि अधिकारी बऱ्याचदा ती ऐकतात.

बाळ जर्मन नागरिक झालं तर त्याच्यासाठी जर्मन पासपोर्ट आणि मग ओसीआय. बाळ भारतीय असेल तर त्याचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय वाणिज्य दूतावासात नोंदवा, सोबत त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं निवेदन द्यावं लागतं. निवास परवान्याचा अर्ज मात्र जन्मापासून सहा महिन्यांच्या आत आउसलेंडरबेहोर्डेत करायचा. त्यामुळे दवाखान्यातून जन्मनोंदीचे कागद मिळाले की श्टांडेसआम्टमधून, म्हणजे जन्म-विवाह नोंदणी कार्यालयातून, आंतरराष्ट्रीय नमुन्यातले चार-पाच जन्मदाखले एकदमच मागवा. पासपोर्ट, परवाना, बालभत्ता आणि पुढे ओसीआय, प्रत्येकाला एक मूळ प्रत लागते.